मृत्यूच्या दारातून परतलेल्यांसाठीचे निवासी शिबिर : दोन दिवसांचा अभिप्राय

रावेर तालुक्यात केळीच्या बागांमध्ये भरणाऱ्या एका दोन दिवसांच्या निवासी शिबिराला गेल्या कार्तिकात मी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, घेऊन गेलो होतो. शुल्क माणशी ४,५०० रुपये. त्यात एक मुक्काम, तीन जेवणे, चांगदेवच्या संगमाची सहल आणि पत्रकाच्या शब्दांत सांगायचे तर ‘मृत्यूपलीकडच्या अनुभवांचे शास्त्रीय मार्गदर्शन’ मिळते. आयोजकांचे नाव मी देत नाही, कारण असेच पत्रक थोड्याफार फरकाने मला नंतर धुळ्यात आणि शहाद्यातही पाहायला मिळाले आणि मला जे सांगायचे आहे ते एका संस्थेपुरते नाही. ज्यांच्या घरातले कोणी अतिदक्षता विभागातून परत आले आहे, किंवा ज्यांच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे, अशा कुटुंबांनी पैसे भरण्याआधी हे वाचावे, एवढ्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

अक्का पारोळ्याला राहते, वय ६८. मार्च महिन्यात तिला जळगावच्या एका रुग्णालयात दाखल केले होते आणि तेथे दुसऱ्या रात्री तिचे हृदय बंद पडले. डॉक्टर आणि नर्स शेजारीच असल्यामुळे लगेच छातीवर दाब देणे सुरू झाले, विजेचा झटका दिला गेला आणि ती परत आली. दोन बरगड्यांना तडे गेले, ते पुढे तीन महिने दुखत राहिले. पाचव्या दिवशी नीट बोलू लागल्यावर तिने मला जे सांगितले ते मी औषधाच्या बिलाच्या कोऱ्या बाजूवर तिच्याच शब्दांत लिहून घेतले. एक मोठी ओसरी होती, कंदिलाचा उजेड होता, दोन उंच माणसांनी तिला दंडाला धरून उभे केले होते. समोर बैठ्या मेजाशी लाल कापडात बांधलेली चोपडी उघडून एक तलाठ्यासारखा माणूस बसला होता. त्याने पाने उलटली, नाव विचारले आणि म्हणाला, ‘ही नव्हे, दुसरी.’ मग टक-टक असा आवाज आणि छातीत कळ. एवढेच. त्याच रात्री दोन खाटा सोडून असलेली एक बाई वारली होती आणि अक्काने ‘दुसरी’ या शब्दाचा अर्थ तोच लावला. आपल्या जागी त्या बाईला नेले, या समजुतीने ती सात-आठ महिने धड झोपली नव्हती. शिबिराला जाण्याचा हट्ट तिचाच होता, आणि मी निवृत्त विज्ञान शिक्षक असूनही तिच्याबरोबर गेलो, कारण तिला माझ्याकडून नव्हे तर अशाच अनुभवातून गेलेल्या माणसांकडून काही ऐकायचे होते.

व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. अमळनेरहून भुसावळ आणि तेथून खंडवा मार्गावरची गाडी धरून आम्ही रावेरला उतरलो, स्थानकावर गाडी घ्यायला आली होती. खोल्या स्वच्छ होत्या, गरम पाणी होते, वयस्कर माणसांसाठी खाली झोपण्याऐवजी पलंग दिले होते. पहिल्या रात्रीचे भरीत आणि कळण्याची पुरी उत्तम होती, आणि दुसऱ्या दिवशीची वरण-बट्टी व घोटलेली वांग्याची भाजीही. स्वयंसेवक मुले-मुली मनापासून काम करत होती आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे.

खरा प्रश्न पहिल्या दुपारच्या सत्रापासून सुरू झाला. ज्यांना ‘अनुभव’ आला आहे अशा सात जणांना बाजूला बसवून प्रत्येकाला एक छापील प्रश्नपत्रिका देण्यात आली आणि एक मार्गदर्शक प्रश्न वाचून उत्तरे भरून घेऊ लागल्या. मी अक्काच्या मागे बसलो होतो, त्यामुळे प्रत्येक शब्द मला ऐकू येत होता. अक्काने ओसरीचे आणि चोपडीचे सांगितले, त्यावर बाईंनी मान हलवली आणि विचारले, ‘त्याआधी तुम्ही अंधाऱ्या बोगद्यातून गेलात ना?’ अक्का म्हणाली, आठवत नाही. ‘आठवेल, डोळे मिटा. पुढे प्रकाश दिसतोय का?’ अक्का म्हणाली, कंदील होता. ‘कंदील नाही, मोठा प्रकाश, मायेचा प्रकाश.’ ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, असेल. प्रश्नपत्रिकेत ‘होय’वर खूण झाली. खाली उभे असलेले डॉक्टर छतावरून दिसले का, या प्रश्नाला तिने आधी नाही म्हटले आणि दुसऱ्यांदा विचारल्यावर ‘पांढरे कपडे दिसले’ असे सांगितले. तीही खूण ‘होय’मध्ये गेली. संध्याकाळी सर्वांसमोर तिचा अनुभव वाचून दाखवण्यात आला तेव्हा त्यात बोगदा होता, प्रकाश होता, छतावरून पाहणे होते, आमचे दिवंगत वडील हात पसरून उभे होते. ओसरी, दोन माणसे आणि चोपडी त्यात कुठेच नव्हती. मी अक्काकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती ऐकता ऐकता मान डोलावत होती.

अशा मोजपट्ट्या संशोधक वापरतात, हे खरे आहे. ब्रूस ग्रेसन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९८३ मध्ये १६ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली, तिच्यात ३२ पैकी ७ किंवा अधिक गुण पडले तर तो मृत्यूसमीप अनुभव मानतात, आणि शिबिराची प्रश्नपत्रिका तिच्यावरच बेतलेली होती. पण त्या मूळ प्रश्नांत बोगद्याचा प्रश्न नाही. तो येथे घातला गेला होता, कारण बोगदा आणि प्रकाश हे चित्र १९७५ मध्ये अमेरिकी लेखक रेमंड मूडी यांच्या मृत्यूसमीप अनुभवांवरील पुस्तकापासून जगभर पसरले आणि पत्रकावर तेच छापलेले होते. मापनाचे साधन माणसाच्या तोंडात शब्द घालण्यासाठी वापरले की ते मापन राहत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मुलाने तापमापीवर बोट ठेवून वाचन घेतले तर आपण ते खोडून पुन्हा घ्यायला लावतो. येथे एका माणसाच्या आयुष्यातल्या सर्वांत नाजूक आठवणीवर बोट ठेवले जात होते.

मुख्य वक्ते ‘२२ मिनिटे मृत’ राहून परतले होते. बोलणे सौम्य, भाषा ओघवती. त्यांनी जे भोगले असेल त्याबद्दल मला शंका घ्यायची नाही, कारण असे अनुभव खरोखर येतात. नेदरलँड्समधील दहा रुग्णालयांत हृदयविकारतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांनी हृदय बंद पडून वाचलेल्या ३४४ रुग्णांचा अभ्यास केला, त्यातल्या ६२ जणांनी असा काही अनुभव सांगितला. तो अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे अनुभव फार दुर्मीळ नाही, आणि उरलेल्या बहुसंख्यांना काहीही आठवत नाही, हेही तेवढेच खरे आहे. माझा आक्षेप ‘मृत’ या शब्दाला आहे. छातीवर नीट दाब दिला जात असताना मेंदूला थोडे का होईना रक्त मिळत असते. हृदय थांबणे आणि मेंदू परत न येण्याइतका नष्ट होणे यांत जे अंतर आहे त्याच अंतरात हे सगळे लोक वाचलेले आहेत. शिवाय आठवण नेमकी कोणत्या क्षणाची आहे, शुद्ध हरपतानाची, मधली की शुद्धीवर येतानाची, हे आठवणाऱ्याला सांगता येत नाही. आपण पहाटे पाच मिनिटांच्या डुलकीत अख्ख्या लग्नाचे स्वप्न पाहतो, तसेच ते आहे.

वक्त्यांनी पुढे ‘आत्मा शरीराबाहेर जातो हे परदेशी संशोधनाने सिद्ध झाले आहे’ असे सांगितले, तेव्हा प्रश्नोत्तरांच्या वेळी मी उभा राहिलो. डॉक्टर सॅम पार्निया यांच्या नेतृत्वाखाली अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रियातील १५ रुग्णालयांत याचीच परीक्षा घेतली गेली. छताजवळ फळ्या बसवून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रे ठेवली होती. हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटनांची नोंद झाली, वाचलेल्यांपैकी १४० जणांच्या मुलाखती झाल्या, आणि २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या वेळचे पाहिल्या-ऐकल्याचे स्पष्ट आठवणारे दोघेच निघाले आणि दोघांचेही प्रसंग फळ्या नसलेल्या जागी घडले होते. त्यातल्या एका ५७ वर्षांच्या गृहस्थाने सांगितलेले खोलीतले तपशील बरेचसे जुळले, हे मी सभेत आवर्जून सांगितले, कारण आपल्या बाजूला गैरसोयीचे असेल तेही सांगितले पाहिजे. पण बेशुद्धीत कानावर पडलेल्या आवाजांतून मन दृश्य उभे करू शकते आणि छताजवळचे चित्र आजवर त्या अभ्यासात कोणीही पाहून सांगितलेले नाही. मग ‘सिद्ध झाले’ कशाच्या आधारे म्हणायचे, एवढेच मी विचारले. उत्तर मिळाले की, सर, येथे तर्काने नव्हे, श्रद्धेने ऐकावे. पत्रकावर मात्र ‘शास्त्रीय’ हा शब्द ठळक अक्षरांत आहे आणि ४,५०० रुपये त्या शब्दासाठी भरलेले असतात.

ज्याला शास्त्रीय मार्गदर्शन म्हणता येईल असे सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि त्यातले एकही अक्षर दोन दिवसांत कोणी उच्चारले नाही. लढाऊ वैमानिकांना वेगाने फिरणाऱ्या यंत्रात बसवले की मेंदूकडचे रक्त कमी होते, आधी कडेची नजर जाते आणि बोगद्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते. शुद्ध हरपलेल्या काही वैमानिकांनी तरंगत असल्याचे आणि छोट्या सुखद स्वप्नांचे वर्णन केले आहे. जिनिव्हात मेंदूतज्ज्ञ ओलाफ ब्लांके यांनी अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या ठरावीक भागाला हलका विद्युतप्रवाह दिला तेव्हा तिला आपण वरून स्वतःच्या शरीराकडे पाहत आहोत असे वाटले. ही गोष्ट २००२ मधली. मिशिगन विद्यापीठात मेंदूच्या अभ्यासक जिमो बोर्जिगिन यांना २०१३ मध्ये उंदरांत हृदय थांबल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात मेंदूच्या लहरी उसळलेल्या आढळल्या आणि २०२३ मध्ये मरणासन्न अशा चार रुग्णांपैकी दोघांतही तसे दिसले. ते रुग्ण वाचले नाहीत, त्यामुळे त्यांना काय जाणवले हे कोणी सांगू शकत नाही, आणि एवढ्यावरून सगळे उलगडले असे मी म्हणणार नाही. पण दिशा दिसते, आणि ती मेंदूकडे जाते.

रात्री जेवणानंतर ‘शक्तिदर्शन’ झाले. लिंबू कापताच रक्त निघाले, मंत्र म्हणताच समिधा आपोआप पेटल्या, नारळावर पाणी शिंपडताच शेंडीतून ज्वाळा आली. हे तिन्ही प्रयोग मी पंचवीस वर्षे आठवी-नववीच्या वर्गात केले आहेत. सुरीच्या पात्यावर जास्वंदीचे फूल चोळून वाळवले की लिंबाच्या आंबट रसाने ते लालभडक होते. पोटॅशियम परमँगनेटवर तूप म्हणून ग्लिसरीन सोडले की काही सेकंदांत जाळ होतो. नारळाच्या शेंडीत सोडियमचा खडा दडवला की पाणी पडताच तो पेट घेतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावच्या चौकात हेच करून दाखवतात आणि लगेच फोडही करतात. येथे फोड झाली नाही, आणि प्रयोग संपताच ‘सिद्ध जल’ ३५० रुपयांना एक बाटली या दराने विकायला ठेवले गेले. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या, त्या दिवशी मी अमळनेरला शाळेतच होतो. मुलांसमोर दुधात थोडा लाल रंग मिसळला आणि मूर्तीच्या सोंडेशी चमचा धरला. पृष्ठताणामुळे चमच्यातून ओढले गेलेले दूध मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळताना लाल रेघ स्पष्ट दिसली. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरूनच ते दाखवले होते. त्या दिवशी मुले नाराज झाली नाहीत, उलट घरी जाऊन करून पाहिले असे दुसऱ्या दिवशी सांगत आली.

बाटल्यांच्या टेबलाशी जे घडले त्यामुळे मात्र मी रात्रभर अस्वस्थ होतो. चोपड्याकडचे एक शेतकरी, वय साठीचे, शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन चालू असलेले, विचारत होते की हे पाणी सुरू केल्यावर सुई घ्यावी की नको. काउंटरवरच्या माणसाने ‘औषध बंद करा असे आम्ही म्हणत नाही’ हे वाक्य अगदी स्पष्ट उच्चारले आणि पाठोपाठ म्हणाला, ‘पण शरीराला सवय किती दिवस लावणार, हे तुम्ही ठरवा.’ त्यांनी दोन बाटल्या घेतल्या. मी त्यांना बाहेर गाठून, हात जोडून, इन्सुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पुढे काय केले ते मला ठाऊक नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड आहे. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षे खेटे घातले आणि २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यानंतर त्याचा वटहुकूम निघाला. सत्राच्या सुरुवातीला ‘हे केवळ मनोरंजनासाठी’ असे एक वाक्य बारीक आवाजात म्हटले गेले होते, ते कशासाठी होते हे टेबलाशी उभा राहिल्यावर मला कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने चांगदेवला नेले. तापी आणि पूर्णा यांचा संगम, हतनूर धरणाचे पसरलेले पाणी आणि काठावरचे ते जुने दगडी देऊळ, हा परिसर शांत आणि सुंदर आहे. आमचे घराणे माळकरी, लहानपणापासून मी तेथे जात आलो आहे. देवळाच्या आवारात वक्त्यांनी चांगदेवांनी दर शंभर वर्षांनी प्राण ब्रह्मांडी चढवून काळाला परत पाठवले आणि १,४०० वर्षे जगले, ही कथा मृत्यूवर मात करता येते याचा पुरावा म्हणून सांगितली. मला हे फार लागले. आमच्या घरात ही गोष्ट आजीने सांगितली ती अशी की, वाघावर बसून, सापाचा चाबूक करून निघालेला चौदाशे वर्षांचा योगी शेवटी वयाने पोर असलेल्या मुक्ताईपुढे नमला आणि तिला गुरू केले. सगळा भर नमण्यावर होता. वारकऱ्याला १,४०० वर्षांचे आकर्षण कधीच नव्हते, त्या कथेत ती वर्षे चांगदेवांच्या अहंकाराची मोजदाद म्हणून येतात. शंका घेणारा मी आणि श्रद्धा असलेली अक्का, दोघेही एकाच आजीचे. आजीच्या गोष्टीचे शिबिराच्या जाहिरातीत रूपांतर झालेले आम्हा दोघांनाही सारखेच खटकले, हे परतीच्या बसमध्ये अक्का स्वतः म्हणाली.

समारोपाआधी अक्काने धीर करून आपला खरा प्रश्न विचारला. ती दुसरी बाई माझ्यामुळे गेली का? मार्गदर्शक बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितले की असा ऋणानुबंध राहून जातो, त्यासाठी ऋणमुक्तीचा विधी करावा लागेल, खर्च ११,००० रुपये, पुढच्या अमावास्येला जागा शिल्लक आहेत. ज्या ओझ्याखाली माझी बहीण सात-आठ महिने वाकली होती ते उतरवण्याऐवजी त्यावर शिक्का मारला गेला. दोन दिवसांत मी आवाज चढवला असेल तर फक्त त्या वेळी. आम्ही विधीची नोंदणी केली नाही आणि शुल्काचा परतावा मागितला, तो आजवर मिळालेला नाही.

घरी आल्यावर मी अक्कापुढे दोन गोष्टी ठेवल्या. पहिली अशी की, बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील सतवंत पसरिचा यांनी अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांच्यासह १९८६ मध्ये भारतातल्या अशा १६ जणांची कथने प्रसिद्ध केली आहेत. त्यांत पुन्हा पुन्हा तेच येते: दूत घेऊन जातात, वही घेऊन कारकून बसलेला असतो, नाव तपासतो, चुकीचा माणूस आणला असे निघते आणि परत पाठवले जाते. त्याच सुमारास दुसरे कोणी गेल्याचेही काहींनी सांगितले होते. बोगद्याला त्या कथनांत जवळपास स्थान नाही. अमेरिकेतल्या माणसाला कारकून भेटत नाही आणि आपल्याकडच्याला सहसा बोगदा दिसत नाही, कारण संकटातला मेंदू लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींतूनच चित्र रंगवतो. तो तलाठी, ती लाल चोपडी, ‘दुसरी’ हा शब्द, हे सारे तुझ्या मनातलेच आहे अक्का, त्या चोपडीत कोणाचेही नाव खोडून कोणाचे लिहिलेले नाही, असे मी तिला सांगितले. दुसरी गोष्ट मी रुग्णालयात जाऊन विचारून आलो होतो. ती दोन खाटांपलीकडची बाई नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि अक्काचे हृदय थांबण्याच्या तीन तास आधीच गेली होती.

मग मी औषधाचे ते बिल काढून तिचेच शब्द तिला वाचून दाखवले. ती ओसरी, कंदील, दोन माणसे, टक-टक. शिबिरात वाचलेला कागदही तिच्याजवळ होता, तोही तिने माझ्याकडून वाचून घेतला. बराच वेळ दोन्ही कागद मांडीवर ठेवून ती बसली आणि मग अहिराणीत म्हणाली, ‘भाऊ, हाऊ बोगदा कथाईन उना रे?’ म्हणजे, हा बोगदा कुठून आला रे?

जेवण, निवास आणि स्वयंसेवक यांच्यासाठी पाचपैकी एक तारा देत आहे. मार्गदर्शनासाठी एकही नाही. शिबिराचा कागद अक्काने मला फाडायला सांगितला आणि बिल घडी घालून आपल्या पेटीत ठेवले.